अवनीचं माप

नऊ महिन्यांची पोर, आणि मी सहा म्हणाले. कुणी गळ्याला सुरी लावली नव्हती. हैदराबादहून मैसूरला निघालेल्या त्या पंख्यांच्या लहानशा विमानात शेजारच्या बाईनं नुसतं विचारलं, किती महिन्यांची, आणि माझ्या तोंडून सहा गेलं, नाव विचारल्यावर नाव सांगावं इतक्या सहज. बाई मैसूरजवळच्या बन्नूरची होती, मुलाकडे दोन महिने राहून परत निघालेली, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. ती कन्नडात बोलत होती, मीही. विमान खाली उतरायला लागलं तशी अवनीनं जी किंकाळी फोडली, ती थांबेचना. मी पाजायला बघितलं, ती तोंड लावेना. पुढच्या रांगेतल्या माणसानं दोनदा मागं वळून बघितलं. मग त्या बाईनं काही न विचारता तिला माझ्या मांडीवरून उचललं, स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि आपलं बोट तिच्या तोंडात दिलं. "कान दुखतायत गं तिचे, चघळू दे." आणि लगेच ओरडली, "अय्यो, चावली की! दोन दात आहेत हिला. सहा महिन्यांची म्हणालीस ना?" मी अवनीचं टोपडं सारखं करायला लागले. बाईनं माझ्याकडे बघितलं, मग अवनीच्या मनगटाकडे, आणि म्हणाली, "असू दे, असू दे. हिला आजोळी घेऊन निघालीस?" हो म्हटलं. "पहिल्यांदाच?" हो. ती अवनीची पाठ थोपटत राहिली. पण तिनं मनात हिशेब केलेला मला दिसला. आठ-नऊ महिने तरी, आणि आजोळी पहिल्यांदा.

एवढ्याशा गोष्टीनं माझा जीव असा कासावीस झाला की खिडकीतून खाली मैसूर आलं तरी मी बघितलं नाही. एरवी मी चामुंडीचा डोंगर शोधते. आपण किती खोटं बोलतो, हे त्या बोटाला लागलेल्या दोन दातांनी मला सांगितलं. परक्यांना मी अवनीचं वय कमी सांगते, म्हणजे ती एवढीशी का, असं कुणी विचारू नये. आणि घरच्यांना? घरच्यांना मी तिचं अंग वाढवून सांगत आले. वजन, उंची, छाती, बाही, सगळं. माझे वडील शिंपी आहेत. चामराजपुरमच्या मागच्या गल्लीत पुढं दुकान आणि मागं घर, असा आमचा संसार. अप्पांचे आजोबा महाराष्ट्रातून आले म्हणतात, पण कुठल्या गावाहून ते कुणालाच धड माहीत नाही. राहिलं ते एवढंच, घरात कानडीच्या भारानं वाकलेली मराठी, विठ्ठलाच्या देवळातलं एकादशीचं भजन आणि शिवण. शिंप्याच्या पोरीनं खोटं माप द्यावं! दुसऱ्या कुणाच्या मुलीनं वजन खोटं सांगितलं असतं आणि ते फोनवरच विरून गेलं असतं. माझ्या खोट्याचे मात्र कपडे शिवले जात होते. दर महिन्याला पार्सल येत होतं.

आमच्यात तान्ह्या पोराला टेप लावत नाहीत. टेप लावली की वाढ खुंटते, असं आमच्या घरात मानतात. माप घ्यायचं ते हातानं, आणि घ्यायचं आजोबानं, वितीनं आणि बोटांनी. आधी पाठ, मग छाती, मग खांदा. पण अवनी तिकडे आणि अप्पा इकडे, म्हणून आईनं फोनवर विचारलं, "तूच सांग की गं, तुला माप घ्यायला येतं." मला येतं. दहाव्या वर्षापासून मी गिऱ्हाइकांची मापं वहीत लिहून घेतली आहेत, अप्पा खडू कानावर ठेवून ओरडायचे आणि मी लिहायचे. तेव्हा अवनी काचेच्या पेटीत होती, छातीला तारा चिकटवलेल्या, माझी आख्खी वीत तिच्या पाठीला मोठी होत होती. आणि मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीवर लावलेल्या तक्त्यासमोर उभी होते, निरोगी बाळाची वाढ, महिन्यागणिक वजन, महिन्यागणिक उंची. त्या तक्त्यातले आकडे मी वाचून दाखवले. बस. तक्त्यावरच्या त्या गुटगुटीत, कुणाच्याच नसलेल्या बाळाचं माप मी माझ्या बापाला दिलं.

का, म्हणाल तर माझ्या तोऱ्यापायी. दुसरं कारण मी नऊ महिने शोधतेय, सापडत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आईची इच्छा. डोहाळजेवणाला दोघं हैदराबादला आले होते. अप्पांनी माझ्यासाठी पोटाशी सैल असा हिरवा झगा शिवून आणलेला, आई परतीची तीन तिकिटं काढून आलेली. न विचारता! मी भडकलेच. विक्रांत, माझा नवरा, मूळचा साताऱ्याचा, त्याला असल्या वेळी अंग काढून घेणं छान जमतं, तो चहा करायला आत गेला. मी आईला म्हणाले, "मैसूरला काय आहे गं? इथं सगळ्या सोयी आहेत. तिथं काही बरंवाईट झालं तर तुम्ही काय करणार, भजन?" हे शेवटचं बोलायची काय गरज होती? आई म्हणाली, "आयतु, आयतु, झालं तर, तुझी मर्जी." अप्पा? ते मुळातच मुखस्तंभ. त्यांनी बॅगेची चेन लावली, तिसरं तिकीट खिशात ठेवलं आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. अकराव्या दिवशी माझ्या पोटात कळ आली. सगळ्या सोयी होत्या, म्हणून पोर वाचली, हे खरंच. पण बरंवाईट जे व्हायचं ते झालं ते माझ्याच सोयींच्या गावात. सातव्या महिन्यात, चौदाशे ग्रॅम. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

अवनी मंगळवारी पहाटे झाली आणि मी आईला फोन केला तो शुक्रवारी. तीन दिवस वाक्य जुळवत होते. मुलगी झाली, लवकर झाली, पण छान आहे, अडीच किलो आहे. डॉक्टर म्हणतात दोन महिने कुणी यायचं नाही, संसर्ग होतो. हे बोलताना मी डोळे मिटून घेतले होते, आता आई रडेल, हट्ट करेल, पहिल्या गाडीत बसते म्हणेल, आणि मग मला ओरडावं लागेल. आई म्हणाली, "बरं गं. डॉक्टर म्हणतात तसंच कर. इकडं पण जरा कामं आहेत अप्पांना, लग्नसराई. सावकाश येऊ." एवढंच. मी फोन ठेवला आणि हॉस्पिटलच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून इतकी रडले, की नर्सला वाटलं पोरीचंच काही झालं. बघा म्हणजे माझी तऱ्हा. येऊ नका म्हणणारी मी, आणि आले नाहीत म्हणून दात धरणारीही मीच. इतक्या लवकर कशी हो म्हणाली? पहिली नात, आणि लग्नसराई! लोकांच्या ब्लाउजांना काजं करायची आहेत म्हणून आईला मी दिसेना? हा राग मी जपला. तो मला उपयोगाचा होता. तो होता म्हणून खोटं बोलल्याची बोच जरा बोथट व्हायची.

मग पार्सलं यायला लागली. पहिल्या पार्सलात अंगडी, टोपडी, बाळंतविडा, पुढच्या महिन्यात झबली, मग फ्रॉक. मऊ मलमल, आतून दुमडलेल्या शिवणी, कुठं टोचायला नको म्हणून. सगळं दीडपट मोठं. अवनी त्यात हरवून जायची. मी तिला ते घालायचे, पाठीमागं चार-चार चिमटे लावून कापड आवळायचे आणि समोरून फोटो काढून पाठवायचे. विक्रांत एकदा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "आभा, सांगून टाक ना आता. पोर घरी आली, दूध पितेय, हसतेय. आता कसली भीती?" मी म्हटलं, दोन किलो होऊ दे. मग म्हटलं, चार होऊ दे. मग म्हटलं, तक्त्याला गाठू दे, म्हणजे सांगायची गरजच नाही. दोनदा तिकिटं काढली आणि दोनदा रद्द केली. डॉक्टर म्हणायचे, हिचं वय दोन महिने वजा करून मोजा, ही आपल्या चालीनं वाढतेय, काळजी नको. पण अप्पा वजाबाकी करून थोडेच माप घेणार होते. एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. मेच्या पार्सलातल्या फ्रॉकची कॉलर एका बाजूला किंचित वर होती. अप्पांच्या हातचं असं कधी होत नाही. मी मनात म्हटलं, म्हातारे झाले. आणि बाजूला ठेवलं. कॉलर वाकडी का, एवढं विचारायला एक फोन पुरला असता. पण फोनवर मी अवनीचा चेहरा कॅमेऱ्याला इतका जवळ धरायचे की तिच्या अंगाचा अंदाज येऊ नये, आणि आई फोन असा धरायची की तिचं कपाळ आणि मागचं पंख्याचं पातं दिसायचं. अप्पा? दुकानात आहेत. जेवतायत. देवळात गेलेत. कधी तरी त्यांचा अर्धा चेहरा यायचा, हं म्हणायचे, जायचे. मला सोयीचंच होतं.

मंडकळ्ळीच्या त्या इवल्याशा विमानतळावर उतरल्यावर बन्नूरच्या बाईनं अवनीला माझ्याकडे दिलं आणि आपल्या पिशवीतून एक केळं काढून माझ्या हातावर ठेवलं. तिला न्यायला मुलगी, जावई, दोन नातवंडं, सगळं लटांबर आलेलं. मला न्यायला कुणी नव्हतं. आईनं आधीच सांगितलं होतं, "अप्पांचा गुडघा धरलाय, तू टॅक्सीनंच ये की." ते ऐकूनही मी मनात एक रेघ ओढली होती, बरं, गुडघा. टॅक्सीत अवनी झोपली. विमानात कानांनी छळलेली, दमलेली, तोंड उघडं टाकून. मी ठरवलं, उंबऱ्यातच सांगायचं. अप्पा तिच्या पाठीला वीत लावतील त्याच्या आधी. एकदा का त्यांचा हात तिच्या पाठीवर पडला की माझ्या सांगण्याला अर्थ उरणार नाही, मग ती कबुली नव्हे, चोरी पकडली जाणं. अप्पा, माप मी खोटं दिलं. अप्पा, पोर चौदाशे ग्रॅमचीच झाली. अप्पा, मी हट्टीपणानं लपवलं. वाक्य जुळवता जुळवता नंजनगूड रस्ता संपला, अग्रहार चौकाची वर्दळ गेली, आमची गल्ली आली.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. भर सकाळी अकराला. मी वाकून आत गेले, कडेवर अवनी. आणि मला आधी मशीन दिसलं, आणि मशीनवर बसलेली आई. माझी आई, मालतीबाई, चाळीस वर्षं दुकानाच्या पायरीवर बसून काज-बटण आणि हेम करत आलेली, अप्पांच्या मशीनला फडक्यानं पुसण्यापलीकडे जिनं कधी हात लावला नाही. ती चष्मा नाकावर ओढून पायडल मारत होती, आणि बाजूला वेताच्या खुर्चीत अप्पा बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला. ठेवलेला म्हणजे कुणीतरी आणून ठेवावा तसा. तोंडाची उजवी कड खाली आलेली. आई ताडकन उठली, "अय्यो, लवकर आलीस की! मी हे उचलून ठेवणार होते." जणू पसारा उचलायचा राहिला एवढंच. मी विचारलं, कधी? आई पदराला हात पुसत राहिली. "अगं, हात आहे, येतो सुधारून. मालिश चालू आहे." मी ओरडले, "कधी, आई?" अवनी दचकून जागी झाली. आई म्हणाली, "तुझा फोन आला बघ पोर झाल्याचा? त्याच्या आदल्या दिवशी. अंगावरून वारं गेलं. बावीस दिवस होतो हॉस्पिटलात. तू ओली बाळंतीण, तुला सांगून काय करू? दूध आटलं असतं तुझं."

म्हणजे गुरुवारी. मी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. शुक्रवारी मी एका कॉरिडॉरमध्ये उभी राहून अडीच किलो म्हणत होते आणि ही दुसऱ्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून लग्नसराई म्हणत होती. आणि मी तिच्यावर नऊ महिने दात धरला! मला स्वतःच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. वाकडी कॉलर हिची होती. सगळी झबली हिची होती. शिंप्याची पोर मी, मला टाका ओळखता येऊ नये? अप्पांचा टाका बारीक आणि ओढलेला, हा सैल होता, भ्यालेला होता, मी हातात घेऊन चिमटे लावत बसले आणि बघितलं नाही. आई इकडे आपली सांगत होती, खुलून, लपवाछपवी संपल्याच्या आनंदात, "हे खुर्चीतून सांगतात, असं काप, तसं वळव, मी करते. पहिल्यांदा सुईखाली बोट गेलं माझं. पण फोटोत बघून हे म्हणायचे, खांदा उतरलाय. दर वेळी तेच. माप बरोबर आहे, तूच मोठं कापतीस. तीन वेळा उसवलं गं मी तो पिवळा फ्रॉक. मला काही जमत नाही बघ. घाल बघू हिला आता हा, परवाच केलाय." तिनं मशीनवरचा फ्रॉक झटकला. आणि अप्पांनी डावा हात पुढं केला. अवनीकडे. बोटं उघडून, इकडं दे, म्हणत.

टॅक्सीत जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी पोर त्यांच्या मांडीवर पालथी ठेवली आणि एका हातानं धरून राहिले. अप्पांनी डाव्या हाताची वीत तिच्या मानेखाली ठेवली. अंगठा आणि करंगळी त्यांनी चुकू दिली नाही. वीत संपली, मग बोटं मोजली. "वीत," ते म्हणाले. शब्द तोंडातल्या तोंडात घोळला. "दोन बोटं." आई म्हणाली, "चार असतील. डावा हात आहे, नीट धरा." अप्पांनी पुन्हा वीत लावली. तिसऱ्यांदा लावली. अवनीला गुदगुल्या झाल्या असाव्यात, ती हसायला लागली. "दोन," अप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. गिऱ्हाइकानं कापड कमी आणलं की ते असे बघायचे. आई हातातला फ्रॉक बघत होती. "मग मी एवढा कसा..." "आई," मी म्हटलं, "तुझं शिवण बरोबर होतं. माप खोटं होतं." मग मी सगळं सांगितलं. तक्ता, चिमटे, चौदाशे ग्रॅम, काचेच्या पेटीतले एकोणचाळीस दिवस. माझं ते भजनाचं बोलणंही पुन्हा काढलं, नाहीतर त्यांनी ते विसरल्यासारखं केलं असतं. आई मशीनच्या स्टुलावर बसली. "मी तीन वेळा उसवलं," ती म्हणाली, एवढंच, दोनदा.

मी वाट बघत होते. खरं सांगते, इतकं झाल्यावरही मी एका वाक्याची वाट बघत होते. सांगितलं असतंस तर मी धावत आले असते गं. ते ऐकण्यासाठी मी तिच्या कितीही शिव्या खाल्ल्या असत्या. आई म्हणाली, "बरं झालं, सांगितलं नाहीस." मला वाटलं, माझ्या कानांत अजून विमानातले दडेच बसलेत. "बरं झालं, देवाची शपथ. इकडे हे तोंडात नळी घालून पडलेले, तिकडे तू नि पोर तशी. कुठं गेले असते मी? यांना टाकून आले असते आणि यांचं काही झालं असतं तर? आणि नसते आले तर तुला काय सांगितलं असतं? मला ते निवडायला जमलं नसतं, आभा. सुम्ने, उगीच, नकोच ते. देवानंच वाचवलं." ती हे माझ्याशी भांडत नव्हती, मला माफही करत नव्हती. तिला खरंच सुटल्यासारखं वाटत होतं. आणि मला तिला खोटंही ठरवता येईना. नऊ महिने मी एक आई मनात धरून होते, जी नुसत्या शब्दावर अनवाणी धावत आली असती. ती कुठं नव्हतीच. होती ती ही, स्टुलावर बसलेली, सुईनं बोट टोचून घेतलेली, आणि माझ्या खोट्याबद्दल माझे उपकार मानणारी.

अप्पांच्या घशातून आवाज आला. आम्ही दोघी वळलो. त्यांनी अवनीला डाव्या हातानं पोटाशी घट्ट धरलं होतं, आणि शब्द जुळवताना त्यांची मान हलत होती. "पाठवलो असतो," ते म्हणाले. आईनं विचारलं, "कुणाला?" "तुला. हिच्याकडं." थांबले. लाळ आली ती आईनं पुसायला पदर पुढं केला, त्यांनी तोंड बाजूला घेतलं. "मी होतो की. नर्स होत्या. जा म्हटलो असतो." आई चिडली, एकदम, आणि चिडता चिडता रडायला लागली. "सुम्ने, गप्प बसा तुम्ही! बोलता येत नव्हतं तुम्हाला, शुद्ध नव्हती धड. म्हणे जा म्हटलो असतो." "शुद्ध होती," अप्पा म्हणाले. "चौथ्या दिवसापासून. सगळं कळत होतं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आईकडे, आणि माझ्या उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं एवढं मोठं वाक्य एकेक शब्द उचलत पुरं केलं. "पोर झाली, हे हिनं मला महिन्यानं सांगितलं. तशी झाली, हे तू आज सांगितलंस. मला कुणी विचारलंच नाही."

आई पदर तोंडाशी धरून राहिली. मी मापांची वही ओढली आणि अवनीच्या पाठीचं माप लिहिलं, वीत, दोन बोटं. मग अप्पांना विचारलं, "छाती?"